राखेतला पावटा

सोनाक्का, तू मला गप बस म्हणाली होतीस. सहा वर्षं बसले. काल तुझ्या तेराव्याला, तुझ्याच अंगणात, जेवणं उरकल्यावर मी तोंड उघडलं आणि आळीतल्या सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं. दुष्काळात आळीचं पेरायचं बी सोनाक्कानं काढून दिलं नव्हतं, मी तिला न सांगता शिजवलं होतं, असं सांगितलं. तू असतीस तर माझ्या पाठीत धपाटा घातला असतास. तू नाहीस म्हणूनच हे धाडस झालं, हेही कबूल करते.

आज सांगलीला परत आलेय. एका दिवसाची रजा अजून शिल्लक आहे, म्हणून कागद घेऊन बसलेय. आयुष्यात कधी पाटी हातात न धरलेल्या बाईला पत्र लिहितेय म्हटल्यावर तू हसशीलच. आपल्या पहिल्या भेटीतही तू माझ्या कागदांनाच हसली होतीस. मी तेव्हा बावीस वर्षांची, वाईची, गृहविज्ञान शिकलेली नवीकोरी ग्रामसेविका. विट्याच्या पुढे उन्हात एसटीतून उतरले तेव्हा माझ्याकडे कपड्यांची एक पिशवी होती आणि पत्रकांची एक ट्रंक. ती ट्रंक तू एकटीनं डोक्यावर घेतलीस आणि म्हणालीस, "बाई, लय जड हाय. आत खायाचं काय हाय का नुसतंच वाचायचं?"

गावानं माझी सोय तुझ्या घरी केली, कारण तुझं घर मोकळं होतं. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक फौजेत, घरात तू आणि सून हौसा. मी तुला आक्का म्हणायची आणि अहो-जाहोही करायची. चार दिवस ऐकून घेतलंस आणि मग म्हणालीस, "आक्का म्हनतीस आनि आवं-जावं करतीस. येक कायतरी धर." मी आक्का धरलं. त्या दिवसापासून तूही मला 'तुमी' म्हणायचं सोडलंस. लोकांसमोर मात्र मी कायम 'बाई'च राहिले, ते तू कधी चुकवलं नाहीस.

मी आले त्याच साली पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली आणि गावातल्या बायका माळावर खडी फोडायला जाऊ लागल्या. घरटी दोन घागरी पाणी मिळायचं. अशा दिवसांत मी भिंतीवर तक्ता लावून तुम्हाला परसबाग शिकवायला उभी राहिले होते. प्रत्येक घरामागे सहा वाफे, अमुक ओळ मेथीची, तमुक ओळ टोमॅटोची. तुम्ही सगळ्या शिस्तीत ऐकून घेत होता. तक्ता गुंडाळताना तू विचारलंस, "दोन घागरीत सा वाफं? पोरी, तेवड्यात माजं त्वांड बी धुऊन व्हत न्हाई."

मला राग आला होता. खरं सांगते, खोलीत जाऊन रडलेसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी तू कुदळ घेऊन आळीच्या उतारावर उभी होतीस. तुझं गणित सोपं होतं. एका घराच्या सांडपाण्यात एक वांग्याचं रोप जगेल न जगेल, पण आळीतल्या अकरा घरांचं सांडपाणी एका जागी आलं तर एक बाग जगेल. तू अकरा मोऱ्यांची तोंडं एका चरात आणून सोडलीस. भांडी राखेनंच घासायची, साबणाचं पाणी वेगळ्या चरानं केळीकडे न्यायचं, असा दंडक घातलास. चिरा गेलेली मडकी घरोघरची गोळा केलीस आणि भोपळ्याच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरलीस. एक तांब्या पाणी त्या मडक्यात ओतलं की ते दोन दिवस हळूहळू पाझरायचं. माझ्या पत्रकात हे काहीच नव्हतं. मी तेव्हा वाद घातला, की योजनेत 'प्रत्येक घरी' असं लिहिलंय, आळीची एक बाग कुठल्या रकान्यात बसवू? तू म्हणालीस, "तुज्या रकान्यात भोपळा लागतूय का बग. न्हाय तर हितं लाव."

पोरांना त्या दुष्काळात भाजी मिळाली ती त्या तुकड्यातली. फार नव्हती. पण माळावरून परत येणाऱ्या बायका आधी तिकडे वळायच्या आणि मग घरी जायच्या, एवढं मला आठवतं. सगळं गाव करपलेलं असताना तेवढाच एक हिरवा तुकडा दिसायचा आणि तो तुझा होता.

मी शिकवलेलंही काही तू घेतलंस, ते सांगितलं नाही तर तुझ्या कौतुकात माझा फारच बळी जाईल. भुशाची पेटी माझी. लाकडी पेटीत भुसा भरायचा, उकळी आलेलं भांडं आत ठेवायचं, वरून झाकायचं, म्हणजे उरलेलं शिजणं जळणाशिवाय होतं. जनावरं छावणीत गेल्यामुळं शेणी मिळेनाशा झाल्या होत्या, तेव्हा ही युक्ती तुझ्या लगेच मनात बसली. फक्त पेटी तू काढून टाकलीस. "सुतार कुटनं आनू?" म्हणत जुनी बांबूची पाटी घेतलीस, बुडाला भुसा, बाजूंनी उसाचं पाचट आणि वरून वाकळ. पहाटे हुलग्याला एक उकळी द्यायची, भांडं पाटीत बसवायचं आणि कामावर जायचं. पुढं एकदा सांगलीच्या मेळाव्यात तुला मी ही पाटी दाखवायला नेलं होतं. एका साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "बाई, शिजायला किती वेळ लागतो?" तू म्हणालीस, "खडी फोडून येस्तवर." साहेबांनी ते तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. मी मागं उभी होते आणि माझी छाती फुगली होती. हिला मी आणलंय, असं सगळ्या मांडवाला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

आता त्या पावट्याचं.

तुमच्या आळीची एक रीत होती. अकरा घरांचं भाजीचं बी एका घरी राहायचं. सुगी झाली की प्रत्येक घरातून बी त्या घरी जायचं, आणि मृगाच्या तोंडावर प्रत्येक बाई त्या दारात येऊन पदर पसरायची. जिच्या घरी बी, ती ओंजळभर बी पदरात घालायची. मोजणं नाही, बोलणं नाही. पण जिच्या घरी बी, तिचा शब्द आळीत शेवटचा. तुझ्या सासूकडे ते होतं, तिच्यामागे तुझ्याकडे आलं. माजघराच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कणगीच्या आड, गाडग्यांची एक उतरंड होती. प्रत्येक गाडग्यात राख, राखेत बी, वर कडुलिंबाचा पाला आणि तोंडाला शेणमातीचं लिंपण. राखेतलं बी खायचं नसतं, हे त्या आळीतल्या चार वर्षांच्या पोरीलाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं. वाईला आमच्या घरी कडधान्याला एरंडेल चोळतात. आणि माझ्या पत्रकात, धान्य राखेत घातलं तर कीड लागत नाही, असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं.

त्या आठवड्यात पोरांच्या सुकडीची, म्हणजे सरकारी पौष्टिक पिठाची, गाडी आली नव्हती. दुपारी माझ्याकडे जेवायला बत्तीस पोरं येत होती आणि दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या बाई तपासणीला येणार होत्या. हौसा बाळंतपणाला माहेरी गेलेली. मी तुला विचारलं, तू टँकरच्या रांगेला निघता निघता म्हणालीस, "उतरंडीत पावटा आसंल बग, काय लागंल ते घे." तू चुलीजवळच्या उतरंडीबद्दल बोलत होतीस. तिच्यात मूठभर होता. मी शोधत मागं गेले आणि मला ती दुसरी उतरंड सापडली. लिंपण फोडताना मनात आलं, किती व्यवस्थित बाई आहे ही. एका गाडग्यात पावटा, दुसऱ्यात चवळी. दोन्ही काढून माझ्या खोलीत नेले आणि भिजत घातले. तुला न सांगता, कारण मला तुला चकित करायचं होतं.

उसळ फार छान झाली होती. पोरं पत्रावळ्या चाटत होती. तालुक्याच्या बाईंनी शेरा दिला, 'उत्तम'. संध्याकाळी तू माळावरून आलीस तेव्हा मी तुला हाताला धरून मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले, तुझी राखेची युक्ती मीच शोधून काढली अशा थाटात. तू रिकाम्या गाडग्यात हात घातलास. राख बोटांतून गळली. तू तशीच उंबऱ्यावर बसलीस.

"समदा?"

"हो."

"आनि चवळी?"

"ती पण. मिळून केली."

तुझं माहेर जतच्याही पलीकडचं. फार संतापलीस की तू कानडीत बोलायचीस. त्या दिवशी तू बराच वेळ कानडीत बोललीस आणि मला एक अक्षर कळलं नाही. मग तू डोळे पुसलेस आणि विचारलंस, "पोरांनी खाल्लं?"

"चाटूनपुसून."

"चव कशी हुती?"

मी हुंदके द्यायला लागले. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, गाडगं पालथं घालून राख एका सुपात काढून ठेवलीस. तेवढ्यात बाहेर बायकांचा गलका ऐकू आला. पोरांनी घरी जाऊन पावट्याच्या उसळीचं कौतुक सांगितलं होतं आणि आळीला दोन अन् दोन चार करायला वेळ लागत नाही.

सगळ्यांत पुढे बायजाक्का होती. समोरच्या घरची, उंच, खणखणीत आवाजाची. दोन्ही मुलगे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यावर लांबच्या शहरांत, आळीत स्लॅबचं घर एकटीचं. ती पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "सोने, आळीचं बी कुटं हाय?"

मी पुढं होणार होते. खरंच होणार होते, की आता सहा वर्षांनी तसं वाटतंय, हे मला सांगता येत नाही. तू माझ्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभी राहिलीस.

"शिजवलं."

"कुनी?"

"म्या काडून दिलं. बाईला काय ठावं? सुकडीची गाडी आली न्हाई, प्वारं भुकेली हुती. म्या म्हनलं, शिजीव."

मी तुझ्या मागे उभी होते. तुझ्या लुगड्याचा फाटून पुन्हा जोडलेला, दंड घातलेला भाग माझ्या डोळ्यांसमोर होता, अजून तो टाका मला दिसतो. एक शब्द बोलायचा होता. बोलले नाही.

"बी राकनारीनंच बी शिजवलं," बायजाक्का म्हणाली. "मग आमी कुनाच्या दारात जायाचं? सोने, आजपासनं आळीचं बी तुज्या घरात ऱ्हायाचं न्हाई."

त्या आत आल्या. उरलेली गाडगी, भोपळ्याची, वांग्याची, अंबाडीची, एकेक करून बायजाक्काच्या घरी गेली. तू वाट द्यायला भिंतीला लागून उभी राहिलीस. तुझ्या सासूच्या वेळेपासूनचा तो कोपरा दहा मिनिटांत रिकामा झाला. सगळ्या गेल्यावर मी तुझ्या पाया पडायला वाकले, तर तू मला दंडाला धरून उभं केलंस. "आगं, आळीनं तुला घालवलं तर ती बत्तीस प्वारं दुपारची काय खडी खातील? मला कुटं जायाचं हाय? मी हितंच हाय. आता गप बस आनि पुना कुनाम्होरं बोलू नगंस."

आळीची सगळ्यांत मानाची जागा तू एका वाक्यात सोडलीस, तीही एका परक्या गावच्या, अर्धवट शहाण्या पोरीसाठी. आणि तू नुसती सोसत बसली नाहीस, याचं मला जास्त कौतुक आहे. तिसऱ्या दिवशी तू बायजाक्काच्या दारात गेलीस आणि म्हणालीस, बी गेलंय ते परत आणायला पाहिजे, सुनांना माहेरी धाडा. माहेरी लेक गेली की ओटी भरतात. तांदूळ दुष्काळात कुणाकडेच नव्हते. तू सांगितलंस, तांदळाऐवजी बी घालायला सांगा. तुझी स्वतःची ओटी कुणी भरणार नव्हतं, तू विधवा. पण आळीतल्या सात सवाष्णी सात दिशांना पाठवल्यास. कुणी आटपाडीकडची, कुणी खटावची, एक फलटणची. त्या परत आल्या तेव्हा ओट्यांमध्ये तांबडा पावटा, काळी चवळी, वेलीची गवार, बुटका घेवडा, अशी कधी न पाहिलेली बियाणी होती. गेलं त्याच्या दुपटीनं परत आलं. सगळं बायजाक्काच्या गाडग्यांत गेलं आणि त्यातलं कौतुक तुझ्या वाट्याला कुणी दिलं नाही.

मीही वाईला जाऊन आईकडून घेवडा आणला. तो तुझ्या मातीत कधी धड आलाच नाही. दर वर्षी तू त्याची दोन आळी नेमानं करायचीस आणि दर वर्षी म्हणायचीस, "तुजा घेवडा किस्नामाईचं पानी पिऊन लाडावल्याला हाय. ह्याला माळ कसा मानवंल?"

पुढची वर्षं पाऊस बरा झाला. आपण वाळवणाच्या मागे लागलो. भाजी असते तेव्हा उतू जाते आणि उन्हाळ्यात पोरांच्या ताटात भाकरी-चटणीशिवाय काही नसतं, यावर उपाय करायचाच असं आपण ठरवलं. तिथं आपली जी भांडणं झाली! मी म्हणायची हरभऱ्याचा पाला कडक उन्हात वाळवा, तू म्हणायचीस सावलीत. शेवटी अर्धा माझा, अर्धा तुझा. माझा पिवळा पडला, तुझा महिन्यानंही हिरवा होता, आणि तू तो आळीभर दाखवत फिरलीस. गवारीला मात्र मी जिंकले. मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेली माझी गवार आषाढात मऊ शिजली, तुझी दाताखाली काड्यांसारखी आली. तू कबूल केलं नाहीस. पण पुढच्या हंगामात, मी बाहेर गेलेय असं समजून, चुलीवर पाणी उकळून त्यात मीठ टाकत होतीस. मी खिडकीतून पाहिलं आणि तशीच मागं फिरले. ते आज सांगते.

दोन-तीन वर्षांत शेजारच्या गावच्या बायका आळीची बाग बघायला येऊ लागल्या. तू त्यांना चर दाखवायचीस, मडकी उकरून दाखवायचीस, पाटीत शिजलेला हुलगा खायला घालायचीस. आणि मग कुणीतरी विचारायचं, बी कुणाकडं असतं? तू हात करून समोरचं घर दाखवायचीस. तुझ्या आवाजात तेव्हा काही बदल झाल्याचं मला कधी ऐकू आलं नाही, आणि मी तर कान देऊन ऐकायची.

पण मग मृग जवळ यायचा. सगळ्या बायकांबरोबर तूही बायजाक्काच्या दारात जायचीस, पदर पसरायचीस. बायजाक्का ओंजळ रिकामी करताना दर वर्षी न चुकता म्हणायची, "सोने, पेर हां. शिजवू नगंस." बायका हसायच्या. तूही हसायचीस. सहा पेरण्यांना हे झालं. त्यातल्या चार मी त्याच गावात राहून पाहिल्या, दोन सांगलीहून येऊन. सहाही वेळा मी गप होते.

माझी बदली झाली तेव्हा तू एसटीच्या थांब्यावर आली होतीस. मी म्हटलं, जाता जाता सांगून टाकते, आता माझी नोकरी तिथं नाही, पोरांचं जेवणही सुरळीत आहे. खरं तर मी अशा बेतानं विचारलं होतं की तू नाहीच म्हणावंस. तू नाहीच म्हणालीस. पण कारण वेगळंच सांगितलंस. "बायजीची प्वारं दोन-दोन वरसं त्वांड दावत न्हाईत. येवडं मोटं घर, आनि आत कोन बोलाया न्हाई. बियाच्या निमतानं बाया तिच्या दारात जात्यात, बसत्यात, च्या पित्यात. तिचं ते काडून घिऊ नगंस." मी म्हटलं, आक्का, हे बरोबर नाही, तुझं नाव खराब झालंय. तू म्हणालीस, "माजं नाव माज्यापाशी हाय." एसटी आली, वाद तसाच राहिला. मला अजूनही वाटतं की तू चुकत होतीस. आणि अजूनही वाटतं की इतकं मोठं मन मला सात जन्मांत मिळणार नाही.

तू गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मला एकच गोष्ट खात होती. तुझ्यामागं आळीत तुझं नाव कसं घेतलं जाईल? बी शिजवणारी सोनाक्का म्हणून? हौसाची लेक सहा वर्षांची झालीय, तिच्या कानावर आजीबद्दल ते पडलं तर? ही एक गोष्ट मला सोसवेना. म्हणून काल बोलले.

सगळं सांगून झालं. हौसाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. बायजाक्का भिंतीला टेकून बसली होती, म्हातारी झालीय आता. ती म्हणाली, "काय म्हनला बाई? फिरून सांगा." मी फिरून सांगितलं.

"आनि सोनी गप बसली?"

"हो."

"आनि तुमी बी."

"हो, मीही."

"तिनं सा वरसं माज्या त्वांडाचं ऐकून घेतलं. म्या तिला सरणावर ठिवूस्तवर तेच म्हनत आले. आता म्या कुनाला काय सांगू, बाई? शिकल्यासवरल्याल्या तुमी, येवडं तरी कळाया पायजे हुतं तुमास्नी."

तू बायजाक्काबद्दल थांब्यावर जे म्हणाली होतीस, ते तेवढं मी सांगितलं नाही. ते तुझ्या-माझ्यातच राहू दे. बायजाक्का भिंतीचा आधार घेत उठली. मला वाटलं, आता ही घरी निघून जाईल आणि माझं तोंड पुन्हा बघणार नाही. ती अंगण ओलांडून तुझ्या दाराशी आली, पायरीखाली उभी राहिली आणि हौसासमोर तिनं पदर पसरला.

"हौसे, मिरग तोंडाव आलाय. मला पेराया बी दे."

हौसा गोंधळली. "आत्ती, बी तर तुमच्या घरात हाय."

"माज्या घरात ठेवल्यालं हाय. हाय ते तुज्या घरचं. दार उगडंच हाय, जा, घिऊन ये आनि घाल माज्या पदरात."

कुणीतरी म्हातारी मागून पुटपुटली, की दुखवट्याचं घर आहे, वर्षभर या दारातून काही न्यायचं नसतं. बायजाक्का मागं न वळता म्हणाली, "मग आळीनं काय वरीसभर पेरायचं न्हाई?" पदर तिनं तसाच धरून ठेवला होता. हौसा गेली. गाडगं कडेवर घेऊन परत आली, लिंपण फोडलं, राखेतून पावटा काढला आणि ओंजळ भरून बायजाक्काच्या पदरात घातला. बायजाक्का पदर मुठीत आवळून बाजूला झाली. तिच्यामागे दुसरी बाई आली, मग तिसरी. कुणी जागेवर बसून राहिलं नाही, सोनाक्का. एकही नाही.

सगळ्यांत शेवटी मी उभी राहिले. हौसानं माझ्याकडे बघितलं. माझं सांगलीचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, पेरायला वीतभर माती नाही, हे तिला माहीत आहे. तरी तिनं ओंजळ भरली, आणि मी पदर पुढं केला.